कांदा-लसूण मसाला: पुण्यात डिस्ट्रिब्युटर नेमायचा की ऑनलाइन वाढवायचं? दर कसे बांधायचे?

कृष्णाकाठ

कराडजवळ आमचं मसाल्याचं युनिट आहे. महिन्याला ६०० किलो माल निघतो, १,००० किलोपर्यंत काढता येईल. मुख्य पाकीट २०० ग्रॅमचं, एमआरपी १६०. पॅकिंगसकट उत्पादन खर्च पाकिटामागे ७२ रुपये, जीएसटी सोडून. जीएसटी नंबर, फूड लायसन्स, उद्यम (लघुउद्योग) नोंदणी सगळं आहे. कराड, उंब्रज, साताऱ्याची दुकानं आमच्याकडून थेट १२८ ने घेतात. ऑनलाइन मार्केटप्लेसवर तेच पाकीट आम्ही १३५ ला लावलंय, सेलमध्ये १२० ला जातं.

पुण्यातला एक डिस्ट्रिब्युटर माल घ्यायला तयार आहे. पण त्याचं म्हणणं, "मोबाइलवर १२० ला दिसतंय, मग दुकानदार माझ्याकडून १२८ ने का घेईल?" दुसरीकडे ऑनलाइनच्या ऑर्डरी वाढल्यात, पण खात्यात काही उरत नाही. दोन्ही एकत्र चालवता येतं का? डिस्ट्रिब्युटरला किती टक्के द्यायचे, ऑनलाइनला दर काय ठेवायचा, आणि पुण्यासाठी वर सुपर स्टॉकिस्ट (डिस्ट्रिब्युटरांना माल पुरवणारा मोठा साठेदार) लागतो का? जाणकारांनी आकड्यांसकट सांगावं.

बीट_नंबर_४

ताई, डिस्ट्रिब्युटर बरोबर बोलतोय. एमआरपीवरून खाली उतरत दर बांधा, उत्पादन खर्चावरून वर चढत नको.

एमआरपी १६०. नव्या ब्रँडला दुकानदार एमआरपीवर २० टक्के मागतो, म्हणजे त्याला माल पडतो १२८ ला. डिस्ट्रिब्युटरला त्याच्या खरेदीवर १० टक्के धरा: १२८ भागिले १.१०, म्हणजे ११६.३६. हे सगळे आकडे जीएसटी धरून आहेत. ५ टक्के जीएसटी काढला की तुमच्या हातात ११०.८२ येतात. इथे एक गोष्ट पहिल्याच भेटीत स्पष्ट करून घ्या: टक्के एमआरपीवर की खरेदीवर? दुकानदाराचे २० टक्के एमआरपीवर म्हणजे त्याच्या खरेदीवर २५ होतात. एक जण एक समजतो, दुसरा दुसरं, आणि पहिल्याच बिलावर वाद होतो.

आता ११०.८२ मधून वाहतूक सव्वा रुपया आणि खराब-एक्सपायरीचे २ टक्के, म्हणजे सव्वादोन रुपये वजा करा. वर '१० वर १' (दहा पाकिटांवर एक फुकट) स्कीम कायम चालू ठेवलीत तर मुळात ११०.८२ चेच १००.७४ होतात. मग ७२ चा खर्च जाऊन पाकिटामागे पंचवीसेक रुपये राहतात. स्कीम नसेल तर पस्तीस.

या पंचविसातून सेल्समन पोसायचा आहे. पुण्यात पगार आणि पेट्रोल मिळून २२,००० धरा, म्हणजे ८८० पाकिटं, १७६ किलो माल फक्त त्याच्यासाठी विकायचा. एक माणूस रोज ४० दुकानं, आठवड्याचे सहा बीट (रोजचे ठरलेले फेरे), अशी २४० दुकानं करतो. दुकानामागे महिन्याला चार पाकिटं गेली तर तो स्वतःपुरता सुटला. आकडा छोटा वाटतो, पण पहिल्या फेरीत सगळे घेतात. तिसऱ्या फेरीला किती दुकानं पुन्हा मागतात, ते बघायचं. डिस्ट्रिब्युटरला विकलेला माल ही तुमची विक्री नव्हे. त्याच्याकडून दुकानात किती गेला, ते दर आठवड्याला बिलवार मागा.

सुपर स्टॉकिस्ट आत्ता नको. त्याला ४ टक्के दिले की ११०.८२ चे १०६.५६ होतात. एका शहरात एक-दोन डिस्ट्रिब्युटर असताना त्याला कामच नसतं. विदर्भ, मराठवाड्यात उतराल तेव्हा, कराडहून दहा-दहा पेट्या पाठवणं परवडेनासं झालं की बघा.

आणि डिस्ट्रिब्युटर निवडताना मोठ्या साबण-टूथपेस्ट कंपनीचा धरू नका. १० टक्के ऐकायला बरे वाटतात, पण महिन्याला ५०,००० च्या विक्रीवर त्याला साडेचार हजार मिळणार. त्यात ना पोऱ्या येतो ना टेम्पो. ज्याच्या गाडीत आधीच पापड, लोणची, शेवया, चहा आहे, त्याच्या चालू फेरीत तुमचा मसाला बसतो.

पुठ्ठा_आणि_टेप

ऑनलाइनला पैसे का उरत नाहीत ते सांगतो. १३५ ला विकलेल्या पाकिटातून जीएसटी काढला की १२८.५७. मार्केटप्लेसचं कमिशन, फिक्स फी, शिपिंग मिळून हलक्या पार्सलला साठ-सत्तर रुपये सहज जातात; ६५ धरू. पाऊच, लेबल, टेप यांचे ६. उरले साडेसत्तावन्न. तुमचा खर्च ७२. म्हणजे प्रत्येक ऑर्डरला १४ रुपये खिशातून. सेलमध्ये १२० ला गेलं की २८-२९. ऑर्डरी वाढल्या म्हणून पैसे उरत नाहीत, असं सरळ गणित आहे. फी बदलत राहते, म्हणून सेलर पॅनलच्या कॅल्क्युलेटरमध्ये स्वतःचं वजन आणि विभाग टाकून दर तिमाहीला तपासा.

उपाय: एक पाकीट ऑनलाइन विकूच नका. कुरिअरचा पहिला स्लॅब ५०० ग्रॅमचा असतो. एका पाकिटाला जेवढं भाडं, जवळपास तेवढंच दोनाला. पण इथे काटा लावून बघा. २०० ग्रॅमची दोन पाकिटं रिकाम्या पाऊचच्या वजनासकट ४१८ ग्रॅम भरतात. २० × १५ × ६ सेंमीचा तीन प्लायचा (तीन थरांच्या पुठ्ठ्याचा) खोका ६० ग्रॅमच्या आसपास, टेप आणि लेबल १० ग्रॅम. झाले ४८८, बसलं. हाच खोका पाच प्लायचा घेतला तर तो शंभर ग्रॅमचा होतो, पार्सल ५२८ वर जातं आणि भाडं पुढच्या स्लॅबचं लागतं. मसाल्याला पाच प्लाय लागतही नाही, काचेची बरणी असेल तर गोष्ट वेगळी. आकारमानाचं वजनही बघा: लांबी × रुंदी × उंची सेंमीत, भागिले ५,०००. वरचा खोका ३६० ग्रॅम येतो. बाजारात तयार मिळतो म्हणून २५ × २० × ८ चा उचललात तर ८०० ग्रॅम, म्हणजे एक किलोचा दर. आत हवा आणि भाडं हवेचं.

स्वतःच्या वेबसाइटवर दोनचा जोड ३२० ला, डिलिव्हरी मोफत: जीएसटी जाऊन ३०४.७६. शिपिंग ७०, पेमेंट गेटवे २ टक्के म्हणजे ६.४०, पॅकिंग १०, माल १४४. उरतात ७४. पाकिटामागे ३७. वर दुकानाच्या रस्त्याने २५ ते ३५ निघाले, तेव्हा ऑनलाइन म्हणजे मधला माणूस नाही आणि सगळा नफा आपला, हा भ्रम आहे. मधल्या माणसाच्या जागी कुरिअर आणि जाहिरात बसते. इन्स्टावर जाहिरात देऊन पहिली ऑर्डर १२० ला पडली तर ७४ मधून ती भागत नाही. त्याच गिऱ्हाइकाने दोन महिन्यांनी व्हॉट्सॲपवर पुन्हा मागितलं तरच पैसे सुटतात. म्हणून पार्सलमध्ये नंबर आणि पुढच्या ऑर्डरला चार पाकिटांच्या जोडाचा दर छापलेलं कार्ड टाका. चार पाकिटं खोक्यासकट एक किलोच्या आत बसतात.

कॅश ऑन डिलिव्हरी नवीन पिनकोडला बंद ठेवा, किंवा ४० रुपये आगाऊ घ्या. पार्सल परत आलं की जायचं-यायचं दोन्ही भाडं तुमचं, आणि महिनाभर ट्रकमध्ये फिरलेला मसाला पुन्हा विकण्याजोगा असतोच असं नाही.

भुसारवाला

दुकानदाराच्या बाजूने बोलतो. टक्के सगळेच देतात. आम्ही बघतो ते तीन गोष्टी: माल फिरतो का, संपल्यावर वेळेत येतो का, आणि राहिला तर परत घेता का.

कांदा-लसूण मसाल्यात तेल असतं. भरताना सीलच्या जागेवर तेलाचा किंवा पुडीचा लेप बसला की सील वरून चांगलं दिसतं, आणि उन्हाळ्यात पंधरा दिवसांत तिथून तेल झिरपतं. ते पाकीट तर जातंच, शेजारच्या रव्याच्या आणि चहाच्या पुड्यांनाही वास आणि डाग लागतो. असा माल एकदा आला की दुकानदार दुसऱ्यांदा घेत नाही, मग तुम्ही २५ टक्के द्या नाहीतर ३०. पाऊच किमान तीन थरांचं घ्या: बाहेर १२ मायक्रॉन पॉलिएस्टर, मध्ये फॉइल, आत ७५ ते १०० मायक्रॉनचं पॉली. फनेलचं तोंड सील-रेषेच्या खाली जाईल एवढं लांब ठेवा. प्रत्येक बॅचची दहा पाकिटं ब्लॉटिंग पेपरवर आडवी ठेवून वर पाच किलोचं वजन द्या, रात्रभर. कागदावर ठिपका दिसला की ती बॅच बाहेर जाऊ देऊ नका.

पाकिटाला वर टांगायचं भोक ठेवा. फळीवर नव्या ब्रँडला जागा मिळत नाही, खिळ्यावर मिळते. आणि १० रुपयांच्या पुड्यांची लडी (माळ) काढा. १६० चं पाकीट अनोळखी नावाने कोण नेणार? १० ची पुडी गिऱ्हाईक चव बघायला नेतं. त्यात १० ग्रॅमच भरा. २०० ग्रॅमच्या दराने साडेबारा ग्रॅम येतात, पण लडीची फिल्म आणि मजुरी महाग पडते. लडीत कमाई शोधू नका, तिला जाहिरात समजा.

मोबाइलवरच्या दराचं म्हणाल, तर गिऱ्हाईक आमच्या तोंडावर फोन धरतं. आमची खरेदी १२८ आणि फोनवर १२०, तर तो माल आम्ही खाली ठेवतो आणि मागितला तरी "नाही" सांगतो. २०२२ च्या सुरुवातीला महाराष्ट्रातल्या डिस्ट्रिब्युटरांनी कोलगेटचा काही माल उचलणं थांबवलं होतं, ते याच कारणाने: ऑनलाइन घाऊकवाल्यांकडे दुकानदाराला तोच माल स्वस्त मिळत होता. एवढ्या मोठ्या कंपनीला बोलणी करावी लागली. तुम्हाला बोलवायलाही कोणी येणार नाही, नुसतं बंद करतील.

लेखणी_आणि_लेजर

वरच्या सगळ्यांशी सहमत, फक्त कायद्याच्या बाजूने चार गोष्टी.

ऑनलाइनला १८० आणि दुकानाला १६० अशा दोन एमआरपी त्याच पाकिटावर छापायचा विचार कोणाच्या डोक्यात आला असेल तर सोडा. पॅकबंद वस्तूंच्या नियमांत २०१८ पासून याला अटकाव आहे. वाट एकच: पाकीटच वेगळं करा. दुकानाला २०० ग्रॅम आणि लडी, ऑनलाइनला ४०० ग्रॅमची झिप पिशवी किंवा जोड. त्यावर वेगळी एमआरपी चालते. पण लेबलवर प्रतिग्रॅम दर छापावा लागतो, हे लक्षात ठेवा. १६० ला २०० ग्रॅम म्हणजे ०.८० रुपये. ४०० ग्रॅम ३६० ला लावलंत तर ०.९० छापलं जाईल आणि गिऱ्हाईक दोन्ही पाकिटं शेजारी ठेवून बघेल. फरक ठेवायचा तर पाकिटात काही तरी वेगळं दिसू द्या, कमी तिखट किंवा घाटी चव असं.

मार्केटप्लेस तुमच्या विक्रीवर जीएसटीचा टीसीएस ०.५ टक्का आणि आयकराचा टीडीएस ०.१ टक्का, असे दोन कर आगाऊ कापतं. टीसीएस जीएसटी पोर्टलवर दिसतो, पण स्वीकारून फाइल केल्याशिवाय कॅश लेजरमध्ये (तुमच्या जीएसटी खात्यात) येत नाही. पुष्कळ जण ते करत नाहीत आणि पैसे तिथेच पडून राहतात. दुसरं, बँकेत आलेली रक्कम विक्री म्हणून दाखवू नका. विक्री पूर्ण दाखवायची, फी वेगळा खर्च.

आता जे कोणी सांगत नाही ते. मसाल्यावर कर ५ टक्के, पण मार्केटप्लेसच्या आणि कुरिअरच्या फीवर १८. १३५ ला गेलेल्या पाकिटावर तुम्ही कर देणार ६.४३, आणि ६५ च्या फीवर क्रेडिट (खरेदीवर भरलेला कर, जो विक्रीवरच्या करातून वळता होतो) आलं ११.७०. जास्तीचं क्रेडिट साठत जातं, आणि सेवांवरच्या अशा क्रेडिटचा परतावा मिळत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये तो नियम कायम ठेवला आहे. तुमची दुकानांची विक्री असेल तर तिच्यावरचा कर याच क्रेडिटमधून फिटतो. म्हणजे तुमच्या बाबतीत दोन्ही रस्ते एकत्र चालवणं कराच्या हिशेबाने फायद्याचं आहे. नुसतं ऑनलाइन असणाऱ्याचं क्रेडिट अडकून पडतं.

भिवंडीच्या मार्केटप्लेस गोदामात माल ठेवायचा असेल तर तो पत्ता जीएसटीमध्ये जादा जागा म्हणून टाकावा लागतो आणि खाद्यपदार्थ असल्याने त्या पत्त्याचं फूड लायसन्सही लागतं. हे झाल्याशिवाय एकही पेटी पाठवू नका. आणि मुदत बघा: अन्नसुरक्षा प्राधिकरण एफएसएसएआयने नोव्हेंबर २०२४ मध्ये ऑनलाइन कंपन्यांना सांगितलं आहे की गिऱ्हाइकाच्या हातात पडताना मालाची ३० टक्के मुदत किंवा ४५ दिवस शिल्लक हवेत. गोदामं आत घेताना याहून कडक असतात. दुकानातून परत आलेला दोन महिन्यांचा माल ऑनलाइनला ढकलू, हा बेत चालणार नाही.

एक्सपायरीचा माल परत घेतलात आणि नष्ट केलात तर त्यात वापरलेल्या कच्च्या मालावरचं क्रेडिट उलटवावं लागतं. २ टक्क्यांच्या वर परतावा गेला की हेही पैसे मोजा.

कृष्णाकाठ

सगळ्यांचे आभार, आमचा ऑनलाइनचा तोटा कुठून येतोय ते कळलं. एकच पाकीट आजच बंद करतो. डिस्ट्रिब्युटरचं पुढचं म्हणणं असं: पूर्ण पुणे फक्त त्याला द्यायचं, ३० दिवसांची उधारी, आणि '१० वर १' त्याच्या खरेदीवरच द्यायची. यावर काय उत्तर द्यावं? आणि दहा मिनिटांत पोहोचवणारी ॲप्स आत्ता घ्यावीत का?

बीट_नंबर_४

पूर्ण पुणे देऊ नका. एका टेम्पोत कोथरूड, हडपसर आणि पिंपरी-चिंचवड होत नाही. बीटची यादी करून द्या, समजा कोथरूड, कर्वेनगर, वारजे. सहा महिन्यांसाठी, आणि चालू दुकानांची किमान संख्या लिहून: चौथ्या महिन्यात १५० दुकानांत माल पुन्हा गेलेला असला पाहिजे. रुपयांचं टार्गेट लिहिलंत तर तो माल गोदामात भरून टार्गेट पूर्ण करेल आणि पाच महिन्यांनी एक्सपायरीचा क्लेम (भरपाईची मागणी) लावेल. ऑनलाइन विक्री आणि मॉल, सुपरमार्केट त्याच्या हक्कात येत नाहीत, हे त्याच कागदावर लिहा.

उधारी: पहिला माल दोन आठवड्यांचा आणि रोखीने. १०० दुकानांत माल लागल्यावर ७ दिवस. तो बाजारात १० दिवसांची उधारी देतो हे खरं, पण ३० दिवस म्हणजे त्याचा धंदा तुमच्या पैशावर. तुम्ही मात्र क्लेम ३० दिवसांत मिटवा. क्लेम अडकला की तो पुढच्या बिलातून परस्पर कापतो आणि हिशेब कधीच जुळत नाही.

स्कीम त्याच्या खरेदीवर अजिबात नको. ११६.३६ चा माल १० वर १ ने त्याला १०५.७८ ला पडतो. मग दुकानात फिरायचे कष्ट कशाला? तो किंवा त्याचा कोणी ओळखीचा तेच पाकीट ऑनलाइनला ११८ ला लावतो, आणि तुम्ही तुमची लिस्टिंग बंद केली तरी दर तिथेच दिसतो. स्कीम दुकानाच्या बिलावर द्या: बिलाची प्रत आली की मगच फुकटचं पाकीट क्लेममध्ये. शिवाय बॅच नंबरच्या शेवटी डिस्ट्रिब्युटरचं अक्षर छापा, सातारा एस, कोथरूड के. ऑनलाइन स्वस्तात दिसलं की एक मागवा आणि बॅच वाचा.

लेखणी_आणि_लेजर

उधारीला जोड: तुम्ही उद्यममधल्या उत्पादक आहात. लेखी करार नसेल तर खरेदीदाराने १५ दिवसांत पैसे द्यायचे असतात, करार असेल तरी ४५ दिवसांच्या वर नाही. पुढे उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट व्याज, दरमहा चक्रवाढ. आणि वर्षअखेरीस मुदतीबाहेरची थकबाकी राहिली तर त्या वर्षी खरेदीदाराला आयकरात तो खर्च धरता येत नाही. भांडायला जाऊ नका, फक्त उद्यम नंबर प्रत्येक बिलावर छापा. मार्च जवळ आला की त्याचा सीए त्याला स्वतःच आठवण करून देतो.

आणि कराडहून पुण्याला माल पाठवताना राज्यातल्या राज्यात ई-वे बिल (मालवाहतुकीचा ऑनलाइन दाखला) महाराष्ट्रात १ लाखाच्या वरच लागतं. परराज्यात ५०,०००.

पुठ्ठा_आणि_टेप

दहा मिनिटांच्या ॲप्सबद्दल माझं मत: आत्ता नको. तिथे मार्जिन ३० टक्क्यांच्या पुढे जातं, वर ॲपमधल्या जाहिरातीचा खर्च वेगळा. १६० वर ३५ टक्के आणि जाहिरातीचे १० टक्के धरले तर जीएसटी जाऊन तुमच्याकडे ८४ च्या आत येतात. शिवाय ऑर्डर छोट्या, गोदामं पाच-सहा, प्रत्येकाची वेळ घेऊन माल उतरवायचा, आणि सांगितलेल्या पेट्या कमी पोहोचल्या की दंड किंवा लिस्टिंग मागे.

भुसारवाला

इथे माझं वेगळं मत. कोथरूड, बाणेरसारख्या भागात तरुण घरं मसाला त्या ॲपवरच शोधतात आणि तिथे दिसलेलं नाव नंतर आमच्याकडे येऊन मागतात. पैसे सुटणार नाहीत हे खरं. पण दुकानांत माल वर्षभर फिरला की एकाच शहरात, फक्त १०० ग्रॅमच्या वेगळ्या पाकिटाने जा. २०० ग्रॅम तिथे देऊ नका. त्यांच्या सवलतीवर तुमचा ताबा नसतो, आणि ते १२० ला लावतील तेव्हा फोन पुन्हा आमच्याच तोंडासमोर येईल.